आतून

उन्मेष दिघेने गाडी आत घेतली
आणि मी तिच्याभोवती एक चक्कर मारली.
दुकानातला एकच ट्यूबलाइट
चार ठिकाणी भेटला, चारदा वाकडा.
क्रोमची रिम, बावीस इंची,
तिच्यावर रबर एवढंसं,
भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, तेवढं.

"बॅलन्सिंग करून दे, रज्जूभिया.
पण शिसं बाहेरून नको.
आतून चिकटव. दिसतं ते."

एकवीस वर्षं ट्रान्सपोर्ट नगरात चाकं फिरवतोय मी.
शिसं लपवायला सांगणारा हा पहिला नव्हे,
पण इतकं लाजत कुणी सांगितलं नव्हतं.

बॉनेटवर फावडं,
चार नटांनी आवळलेलं, मातीचा वासही न लागलेलं.
मागे डिझेलचा लाल डबा;
टिचकी मारली तर रिकाम्या पिंपासारखा बोलला,
झाकण रंगाखाली बुजलेलं.
आणि काचेशेजारून वर गेलेलं ते काळं नाक,
नदीत उतरल्यावर गाडीनं श्वास घ्यावा म्हणून.
वाकून पाहिलं.
पत्र्यावर नुसतं डकवलेलं. मागे भोकच नाही.
उन्मेष तेवढ्यात रस्त्याकडे बघू लागला.

जुनी चाकं?
"ठेव, वीक, काहीही कर."
काळी, लोखंडी, सोळा इंची,
बोटभर खोल नक्षी,
नव्या रबराचे केसही अजून न झडलेले.
भिंतीशी चळत लावली
आणि सगळ्यात वरच्यावर बसून चहा प्यायला लागलो.

अनंत चतुर्दशीच्या रात्री म्हणे
पोरं झाक्या सोडून
याच्या चाकांचे फोटो काढत होती.
मला खरं वाटलं. मीही काढला होता.
घरी कांचनला दाखवला.
ती पोळी उलटत म्हणाली,
"छान आहे. कुठे जायचंय हिला?"

पुढच्या रविवारी फोन.
सिमरोलच्या पुढे, सोयाबीनच्या बांधाशी.
पाऊस थांबून दोन दिवस झालेले.
आपली माळव्याची काळी माती
वरून वाळल्याचं सोंग छान करते,
आत लोणी.
चारी चाकं जागच्या जागी गरगरत होती.
"फिरताना काय दिसतायत रे," तो म्हणाला,
शपथेवर सांगतो, हेच आधी म्हणाला,
"पण गाडी हलत नाही."

फावडं काढायला चौदाचा पाना हवा होता.
पाना माझ्या भिंतीवर, खिळ्याला.

ओढलं कुणा भेरूलालनं.
ट्रॅक्टर दोन भावांत सामाईक,
मागच्या टायरला तीन ठिगळं
(वर्णनावरून एक माझंच असावं).
पाचशे मागितले, चारशे घेतले,
आणि जाताना रिमवर तळवा फिरवून विचारलं,
"चांदी का है कईं?"
हे उन्मेषनंच सांगितलं मला.
हसला नाही. मीही नाही.

अंधार पडता पडता गाडी दुकानात.
स्टिअरिंगला हिवताप.
पहिलंच चाक मशीनवर चढवलं, आकडा एकशे चाळीस ग्रॅम.
रिमच्या आतल्या अंगाला माती
वाळून वीट झालेली;
माझी शिशाची पट्टी तिनं केव्हाच गिळलेली.
पेचकस घेऊन खरवडत बसलो.
एक ढेकूळ निघालं ते हातात फुटलं,
आत सोयाबीनची शेंग,
हिरवी, शाबूत, तीन दाण्यांची.
फेकवेना. गल्ल्यावर ठेवली.

उन्मेष चहा घेऊन चळतीवर टेकला होता,
बुडाखाली काय आहे ते न बघता.
"बसायला झकास आहे हे," म्हणाला,
"कुठून आणलंस?"

मी मशीनचं झाकण खाली ओढलं.
चाक फिरलं,
ट्यूबलाइट त्यात तुटत तुटत
एक पांढरी रेघ झाला,
आणि खरं सांगतो, क्षणभर मीही हात थांबवून पाहत राहिलो.
मग नवी पट्टी घेतली.

"आतून," तो म्हणाला.
"माहीत आहे," मी म्हणालो.