सत्तरी

खलफान बोटांवर मोजतो.
सुहैलचा तारा दिसला त्या पहाटेपासून
दहा-दहाचे गठ्ठे, शंभर भरले की पुन्हा एकापासून.
आज म्हणाला, थंडीच्या शंभरातली सत्तरी लागली.
म्हणजे पेरायचं?
त्याने कॉफीचा चिमुकला पेला दोनदा हलवून खाली ठेवला,
म्हणजे कॉफी पुरे. पेरणीचं नाही सांगितलं.
शमाल वारा एकदा यायचाय अजून, म्हणतो,
आणि वायव्येकडे हनुवटी उडवतो.

माझ्याकडे मोजायला काही नाही.
मृग, आर्द्रा, हस्त, माझी सगळी नक्षत्रं पावसाची.
इथे सुवैकला ती नुसती बसून असतात,
व्हिसा संपलेल्या माणसांसारखी.

भेंडी लवकर टाकली तर माती गार, बी कुजतं.
उशीर झाला तर मे महिना फुलावर येऊन बसतो
आणि फूल देठातून सुटतं, काही न होता.
मधली जागा दाराच्या फटीएवढी.
तिच्यातून अर्धा एकर आत सरकवायचा.

शाहजलालला घाई आहे.
पहिल्या पेट्यांना दुप्पट भाव,
त्या भावात त्याला नोआखालीचा मांडव दिसतो, बहिणीचा.
मला गेल्या वर्षीची चौथी ओळ दिसते,
उकरली तेव्हा बोटांना लागलेला तो बुळबुळीत वास.

पहाटे अनवाणी वाफ्यात जातो.
तळवा खोटं बोलत नाही,
पण धड खरंही सांगत नाही. गार आहे म्हणतो,
किती गार ते नाही.
विहिरीचं पाणी जिभेवर धरतो :
कालच्यापेक्षा खारट, की माझीच जीभ?
रस्त्यापलीकडे समुद्र आहे.
तो मातीखालून आत येतो, बोट बोट,
त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

काल रात्री थंडी बघायला उठलो.
मोटारीच्या खोलीत, जिथे लोखंड उशिरापर्यंत ऊब धरतं,
गमछ्याची एक ओली पुरचुंडी.
दाबून पाहिली. बिया फुगलेल्या.
एकीने तर टोक बाहेर काढलेलं,
पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.

भिजलेलं बी परत कोरडं होत नाही.
गाठ होती तशी बांधली.
शाहजलालच्या खिडकीत दिवा होता,
मी पाहीपर्यंत नव्हता.

सकाळी कुणी काही बोललं नाही.
खलफानने दोरीचं एक टोक धरलं, मी दुसरं,
शाहजलाल मधे वाकून, कांडाभर खोल, वीतभर अंतर.
सहा ओळी झाल्यावर मी म्हटलं, आज एवढंच.
त्याने मान वर केली, काही म्हटलं नाही.

दुपारी वायव्येकडून वाळू आली.
पहिल्यांदा दातांत कळली.
खलफान हसला,
आणि खजुराच्या झावळ्या ओढत कुंपणाकडे निघाला.
आम्हीही निघालो, मागोमाग.

सातव्या ओळीचं बी माझ्या खिशात आहे, कोरडं.
झावळी बांधायला वाकलो की
वाजतं.