मंटा

धर्माबादच्या मिरची कारखान्यात
गंगामणीमावशीने सव्वीस वर्षं देठं खुडली.
किलोमागे हिशेब. देठ वेगळं, मिरची वेगळी,
खोकला कुणाच्याच खात्यात नाही.

पत्र्याखाली बायका नाकाला पदर बांधून बसायच्या
आणि एक शिंकली
की सगळी ओळ शिंकायची, हसायची, पुन्हा खुडायची.
संध्याकाळी हात ताकात, मग गोडेतेल.
तरी रात्री मावशी उठून बसे.
'मंटा,' म्हणे. एवढंच.

तिच्या माहेरच्या तेलुगूत
ज्वाळेला आणि जळजळीला शब्द एकच.
नांदेडला शरीरक्रियेच्या वर्गात कळलं,
नसेलाही तो एकच येतो.

नसेच्या टोकाशी, कातडीत, एक दार असतं
विस्तवासाठी ठेवलेलं,
त्रेचाळीस अंशांच्या आसपास उघडणारं.
मिरचीतल्या कॅप्सेसिनला
त्याची कडी आतल्या बाजूने सापडते.
कॅल्शियम घुसतं,
आणि कुठं काही पेटलेलं नसताना
आग लागल्याची तार निघते:
मनगट, कोपर, काख,
मणक्याशेजारची पेशींची गाठ,
तिथंही न थांबता मागल्या बाजूने मज्जारज्जूत.

आडव्या छेदातला तो करडा भाग
पुस्तकाला फुलपाखरू वाटतो.
मला दरवेळी चिखलात उमटलेला
म्हशीचा खूर दिसला.
त्या खुराच्या मागच्या टोकाशी
पहिली नस संपते, दुसरी सुरू होते,
मधे फट.
ग्लुटामेट ती लगेच ओलांडतं,
मागून सावकाश सबस्टन्स पी.
पलीकडची ऐकते.
पुन्हा पुन्हा ऐकवलं तर जास्तच ऐकते,
मग नुसता वारा लागला तरी
वर मेंदूला ओरडून सांगते.

'आणि हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तर?'
सरांनी मलाच उठवलं.
साठा रिता होतो, मी म्हणाले. टोकं मागं सरतात.
तार निघत नाही.
'बरोबर. बस.'
मी उभीच होते.

मावशी भाकरी कशी फिरवायची,
तव्यावर बोटं ठेवून, घाई नाही,
आम्हा पोरांना वाटायचं हिच्या अंगात येतं.
आणि मला ताप आला की
तळहात नाही, गाल लावायची कपाळाला.
'हाताला काही कळंना झालंय,' म्हणायची,
चष्मा सापडंना म्हणावं तसं.

यादम्मा पाच महिन्यांची होती तेव्हा
झोपताना ती दोन्ही हातांना फडकं बांधून घ्यायची,
लेकराच्या डोळ्याला लागू नये म्हणून.
यादम्मा आता बासरला दिली.
आईचा हात म्हटला की तिला
हिरवं सुती कापड आठवतं.

गेल्या फाल्गुनात मावशीच्या बरगडीवर नागीण उठली.
फोड सुकले. आग राहिली.
पोलक्याचा काठ टेकला तरी डोळ्यात पाणी.
डॉक्टरांनी मलम लिहून दिलं,
मी ट्यूबवरचं वाचून दाखवलं: मिरचीचा अर्क.
आधी जळेल, मग नस थकेल.
दिवसातून चारदा.

ती इतकी हसली की बरगडी धरून बसली.
'कामून गं? सव्वीस वर्षं फुकटात लावलालते की मी.
आता पैसे देऊन इकत घिऊ व्हय?'

मोजे घालून लाव, मी म्हणाले, तसं लिहिलंय.
तिने उघड्या बोटावरच ट्यूब पिळली.
पुढचं तिने लावलं,
पाठीकडे हात पोचेना, तिथलं मी,
मीही मोज्याशिवाय, का कोण जाणे.
'लागतंय का?'
बोटांकडे बघत म्हणाली, 'ह्यांना नाही.'

संध्याकाळची पॅसेंजर उमरीला थांबली
तेव्हा माझी बोटं पेटली.
खिडकीचा गज धरला. गार लोखंड.
काही उपयोग नाही.
समोरच्या बाईने विचारलं, काय झालं,
मी तिला एकच शब्द सांगितला
आणि डोळे मिटून रस्ता मोजत गेले,
मनगट, कोपर, काख,
गाठ,
खूर.