अकरा नंबरचा माग

पहाटे पाचला पार्क चौकात
छातीवर चार सेफ्टी पिनांनी लावलेला आकडा: सातशे बारा.
बालमणीनं लावला. म्हणाली, नीट उभं राहा,
शाळेला निघालेल्या पोरासारखं हलू नका.
मी हलत नव्हतो. पायच हलत होते.

डॉक्टर मंडळी, बँकेतले, पोलीस भरतीची पोरं,
सगळ्यांच्या मनगटावर हिरवी चमकणारी घड्याळं.
एकानं विचारलं, काका, कोणत्या ग्रुपचे तुम्ही?
म्हटलं, एमआयडीसी, अक्कलकोट रोड, रात्रपाळी.
तो हसला, पण वाईट नाही हसला.

तसा सव्वीस वर्षं पळतोच आहे मी.
शेडमध्ये सोळा माग,
इकडं धागा तुटला, तिकडं कांडी संपली.
मालकाच्या पोरानं एकदा गंमत म्हणून
त्याचा मोबाईल माझ्या खिशात टाकला,
पाळी सुटल्यावर बघितलं: अठरा किलोमीटर.
अठरा किलोमीटर, आणि गेलो कुठं,
तर संडासाच्या भिंतीपासून ऑफिसच्या दारापर्यंत.
म्हटलं, एकदा सरळ पळून बघू.

सात रस्ता गेला, कंबर तलाव अंधारातच गेला,
सोरेगावच्या पुढं फटफटलं.
सीनेच्या पुलावर गार वारा,
पलीकडं ज्वारी हुरड्याला आलेली,
आणि मी जवळजवळ थांबलोच.
मागून कुणीतरी येत होतं,
धापा टाकत, अगदी कानाशी.
वळून बघितलं. रस्ता मोकळा.
माझाच श्वास होता तो.

आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात,
टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत चढवलेला.
डावा कान मागांनी कधीच नेला,
उजव्यात थोडं उरलंय.
तेवढ्यात तो मावला, ये-जा करत,
धोट्यासारखा,
पण धोटा कुणासाठी थांबत नाही,
हा चढावर माझ्यासाठी थांबत होता.

मंद्रूपच्या अलीकडं पिवळ्या शंकूला वळसा घातला
तेव्हा वाटलं, झालं.
काही झालं नव्हतं.
बत्तिसाव्याला उजव्या मांडीत गाठ बसली,
विणकराची गाठ, ओढावी तशी आवळणारी.
ऊन चढलेलं. सोलापूरचं ऊन
जानेवारीतही नऊनंतर ओळख दाखवतं.
अँब्युलन्स शेजारी आली, ड्रायव्हर म्हणाला,
बसता का? एसी आहे.

एका शाळकरी मुलीनं तळहातावर मीठ ठेवलं,
मी तिच्यासमोरच चाटलं.
किती राहिलं?
दहा.
खरं सांग.
दहाच की ओ, काका.

आई आठवली, उगीच.
धागा तुटला की ती ओरडायची नाही,
जिभेला बोट लावून दोन टोकं शोधायची,
म्हणायची, पोलेदु रा, तेगिंदि.
गेला नाही रे, तुटलाय.
मांडीला तेच सांगत चाललो.
चाललो म्हणजे चालतच,
सैफुलपर्यंत त्याला पळणं म्हणता येणार नाही.

पाच तास एक्केचाळीस मिनिटं.
कमान उतरवायला लागले होते,
एका बाजूचा दोर सुटून लोंबत होता,
मी त्याच्या खालून गेलो.
पदक घातलं, केळं दिलं, एक टॉवेल दिला.
तोंड पुसलं. मग सवयीनं
टॉवेल उलटा केला, किनार बोटांत घेतली,
उन्हासमोर धरला.
काठापासून चार बोटांवर
एक आडवा धागा सुटलेला.

अकरा नंबर.
दिवाळीपासून सांगतोय, पिकर बदला म्हणून.

बालमणी डाव्या बाजूला उभी होती.
रडताय का हसताय, असं विचारलं म्हणे तिनं,
ते तिनं नंतर सांगितलं.
मी टॉवेल तिच्यापुढं धरला,
बोट ठेवून दाखवलं, हे बघ, हे, इथं.
तिनं हात फिरवून बघितला, घडी घातली,
म्हणाली, चांगला आहे की.
पाहुण्यांना होईल.