पासंग

ओहायो नदीच्या वरच्या काठावर माझं माहेर,
खालच्या काठावर सासर,
मध्ये गंजका पूल, पाऊण मैलाचा.
सप्टेंबर लागला की शनिवारी
त्या पुलावर कुणी कुणाला हात करत नाही.

माहेर बिग टेनचं. सासर एसईसीचं.
लग्नात पाद्री म्हणाला, कुणाची हरकत?
माझा भाऊ लोवेल मागच्या बाकावर खाकरला.
लोकांना वाटलं सर्दी.

गार्नेटनं लाकडाच्या वखारीतून एक वही आणली,
हिरव्या कापडाची, देण्याघेण्याची.
तीत जमा उत्तर, नावे दक्षिण.
कुणी कुणाला हरवलं, कुठं, कितीनं,
आणि लोवेलच्या हट्टापायी आणखी एक रकाना: थंडी.

"तुमची पोरं नोव्हेंबरात आमच्याकडं येऊ देत.
नाकातलं पाणी गोठलं की कळते ताकद."
"तुमची सप्टेंबरच्या दुपारी इकडं येऊ देत.
हेल्मेटात अंडं उकडतं."
"तुमचा पहिला आमच्या चौथ्याच्या
पासंगालाही पुरणार नाही."
"नाव दहा आणि पंगतीला अठरा!
आधी मोजायला शिका, मग बोला."

मी कॉफी ओतायची.
दोन्हीकडचं मीठ खाल्लेलं,
मला कोण विचारतो.

एकदा गार्नेट साखळी ओढत बसला:
आम्ही ज्यांना हरवलं
त्यांनी ज्यांना हरवलं
त्यांनी तुम्हाला लोळवलं, म्हणजे...
ओढता ओढता पोचला एका शेतकी कॉलेजापाशी,
ज्याच्या मैदानाशेजारी गाई बांधतात,
आणि वहीप्रमाणे तेच निघालं
सगळ्या देशात बलाढ्य.
दोघं गप्प. बराच वेळ फक्त फ्रीजचा आवाज.
मग लोवेल म्हणाला, त्यांचा प्रशिक्षक मूळचा आमच्याकडचा.

भाच्याचा गुडघा गेला तो सामन्यात नाही,
मंगळवारी, सरावात,
टीव्हीवर नाही, वहीत नाही.
एकोणीस वर्षांचा डॅरेल,
दारातून आडवा चालत आत यायचा.
गार्नेटनं त्याला सर्जनकडे नेलं,
जाऊन येऊन तीनशे मैल, सहा वेळा,
आणि गाडीत फुटबॉलचं अवाक्षर काढलं नाही.
हे डॅरेलनं मला सांगितलं. गार्नेटनं नव्हे.

गार्नेट फेब्रुवारीत गेला.
तेव्हा कुठलेच सामने नसतात.
शवपेटीशी उभा राहून लोवेल नुसता टोपी फिरवत होता,
त्याच्या तोंडी कधीच कमी न पडलेला शब्द
त्या दिवशी सापडेना.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी पूल ओलांडून आला.
फ्रीजवरची वही स्वतःच काढली,
गार्नेटच्या खुर्चीत बसला नाही, शेजारच्या.
दक्षिण जिंकली तर ठसठशीत लिहायचा,
उत्तर जिंकली तर बारीक, पेन्सिलीनं,
जणू पुसायला कुणी येणार आहे.

काल रात्री त्याचा संघ जिंकला,
शेवटच्या सेकंदाला, फील्ड गोलवर.
मला वाटलं आता टेबल बडवेल.
तर हा चष्मा पुसत म्हणतो,
"चेंडू मारण्याआधी घड्याळ संपलं होतं.
गार्नेट असता तर सोडलं नसतं.
आणि हवा तरी काय होती, बासष्ट अंश,
ह्याला थंडी म्हणत नाहीत.
खरं तर हा विजय धरूच नये."

मी हात पुसले. शेगडी बंद केली.
म्हटलं, "धरायचा. घड्याळ चालू होतं, मी पाहिलं.
आणि तुमच्या त्या दक्षिणवाल्यांचा बचाव म्हणजे चाळणी,
आमच्या चौथ्याच्या पासंगालाही पुरणार नाही."

लोवेल माझ्याकडे बघतच राहिला.
मग कपाळावरची शीर तटतटली,
टेबलावर मूठ आपटली, कॉफी सांडली, वहीवरही.
"तुला काय कळतं गं फुटबॉलमधलं?"

एक्केचाळीस वर्षं झाली त्या घरात कॉफी ओततेय.
मी खुर्ची ओढली, त्याची,
आणि बसून सांगायला लागले.