दोन दिवस बंद

सूचना मी तीनदा लिहिली.
आधी मराठीत, सवयीनं. मग गुजरातीत.
मग हिंदीत, रेल्वेतल्या मिश्राबाईंसाठी.
‘पाळणाघर दोन दिवस बंद राहील.
कारण : घर बदलणे.’
दारावर लावायला गेले, तर चिकटपट्टी
कविशनं बाहुलीच्या गुडघ्याला गुंडाळून संपवलेली.

एकोणीस वर्षांत सुट्टी मागितली नव्हती.
मागणार कुणाकडे? मला साहेब नाही.
सातजणी पोरं सोडून जातात, त्यांना साहेब आहेत,
त्या साहेबांना आणखी साहेब.
मी दार लावलं
की अलकापुरीत बँकेची एक खिडकी बंद पडते,
कुठल्या तरी शाळेत सातवी ब मोकाट सुटते,
वाघोडियाला एका कारखान्यात
नमुने तपासल्यावाचून पडून राहतात.
हे कळलं
मालकाचा मुलगा टेप घेऊन
आमचा जिना मोजायला आला त्या दिवशी.

डिसेंबरात नको, मासी, परीक्षा आहेत.
मार्चमध्ये तर नावच काढू नका, क्लोजिंग.
फेब्रुवारीत ऑडिट.
मी कॅलेंडर फरशीवर पसरून
मुलांच्याच खडूंनी एकेक नकार रंगवत गेले.
ध्यानानं मदत म्हणून मे महिना पूर्ण जांभळा केला.
उरले दोन चौकोन :
चौदा जानेवारी, पंधरा जानेवारी.
उत्तरायण आणि वासी उत्तरायण,
सगळं बडोदं गच्चीवर.

भीखाभाई टेम्पोवाले हसायलाच लागले.
‘उत्तरायणला? मासी, त्या दिवशी
यमराजानं बोलावलं तरी मी खाली उतरत नाही.’

मग कांदेवाल्याची हातगाडी,
आणि नवसारीहून आलेला भाचा,
निम्मं लक्ष आकाशात.
सलाटवाडा ते नागरवाडा, अंतर ते किती!
वारा सुटायच्या आत तीन खेपा, असं ठरलं.

साडेसहाला बेल वाजली.
रोशनबेन मॅकवान, पांढऱ्या गणवेशात.
आज कॅज्युअल्टीत सगळ्यांना ड्यूटी :
मांजानं चिरलेले गळे येतात,
गच्चीवरून पडलेली पोरं येतात.
तिनं काही विचारलं नाही.
जोएलला फक्त जरासा पुढे केला,
पंगतीत वाढप्यापुढे ताट सरकवतात तसा.

दुसऱ्या खेपेला
गाद्यांच्या वळकट्यांवर तो बसला, हातात पिठाची चाळणी.
खाली सात ताटल्या, सात पेले, दोन छोटी कमोड,
पाळण्याचे सुटे गज.
वरून कुणीतरी ओरडलं, ‘मासी, क्यां चाल्यां?’
उत्तर द्यायच्या आत ‘काप्यो छे!’ झालं
आणि गल्ली मला विसरली.
चाकात मांजा गुंतला.
भाचा तो दातांनी तोडत बसला,
जोएल चाळणीतून त्याच्याकडे पाहत.

नव्या खोलीत जोएल खोकला
तर खोली पण खोकली.
तो दचकला, मग पुन्हा मुद्दाम खोकला.
असं पुष्कळ वेळ चाललं.

नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं असतं,
मलाही ठाऊक आहे.
पण पिशवी एकच होती, दुकानं बंद,
आणि बाटली दोनदा भरायची होती.
फेस कडेपर्यंत चढला तसा मी गॅस बारीक केला.
देव असेल तिथं, तर त्यानं पाहिलंच.
खोक्यांच्या मध्ये दुलईवर
माझ्याआधी जोएल झोपला त्या घरात.

रात्री सव्वानऊला रोशनबेन आली,
पत्ता विचारत विचारत.
बाहीवर एक तपकिरी ठिपका.
पोराला खांद्यावर घेऊन म्हणाली,
‘मासी, सुट्टी कशी गेली?’
विचारताना तिला कळलं आपण काय विचारलं ते,
आणि आम्ही दोघी हसलो,
दमलेल्या बायका हसतात तेवढंच.
मग जिन्यात थांबून,
माझ्याकडे न बघता,
‘उद्याही ड्यूटी आहे.’

ती सूचना, तिन्ही भाषांतली,
पर्समध्येच राहिली होती.
सकाळी घड्या घालून घालून जाड केली
आणि कपाटाच्या आखूड पायाखाली सारली.
आता डुगडुगत नाही.