रंग जातो का

सहा दिवस झाले. आज पायडल नाही.
चाक अशोक चौकात, खाजाभाईच्या दुकानात
उलटं टांगलेलं, दोन तारा तुटलेल्या.
"उद्या सकाळी," तो म्हणाला,
आणि माझ्या तोंडावरची घाई न बघताच
चहा प्यायला गेला.

हर्णैहून निघाले तेव्हा समुद्र पाठीशी होता.
मछलीपट्टणला तो समोर येईल.
मधे हे गाव, नकाशाच्या नेमकं घडीवर.
घडी उघडून मिटून
सोलापूरमधला 'ला' पुसून गेलाय.

लॉजच्या गच्चीवर मोजे वाळत घातले,
वळले तर वाळलेले.
सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या रेघा, एकीच्या आत दुसरी,
ओहोटी उतरताना वाळूवर राहतात तशा.
शेवटची कालची, लांबोटीच्या अलीकडे,
समोरच्या वाऱ्यात आलेली.
धुवायचा की राहू द्यायचा
यात अर्धा तास गेला.
बावन्नाव्या वर्षी, विश्रांतीच्या दिवशी,
माणूस असलं काहीतरी करतो.

जिना उतरताना गुडघे पायडल शोधत होते.

खाली गल्लीभर माग.
रात्री वहीत लिहिलं होतं, लाटांसारखा आवाज.
सकाळी खोडलं.
लाट दमते, मागे सरते, विचार करून परत येते.
हा दमत नाही.
वीज गेली की एकदम मरतो, बस्स.

तशी ती साडेअकराला गेली.
सगळी गल्ली बहिरी झाल्यासारखी,
मग हळूहळू माणसं दारात,
बनियनवर कापसाची लव.
उंबऱ्यात अंबुबाई येमुल, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, तंबाखू, छोटी कात्री.
"कुठनं आलाव ओ?"
सांगितलं.
"सायकलवर? आन् मालक?"
नाहीत. एकटीच.
ती बोटांनी मोजत राहिली, तेवीस, चोवीस,
पंचवीस झाल्या तेव्हा कट्टा बांधला दोऱ्यानं
आणि मग माझ्याकडे नीट पाहिलं.

वाटलं, विचारणार आता, कशासाठी.
सहा दिवस सगळे तेच विचारतात,
आणि माझ्याकडे उत्तर नाही.

पण तिनं विचारलं,
"खारं पाणी रंग खातंय काय?"

तिच्या पोरानं, मल्लेशमनं,
गोव्याच्या हॉटेलला टॉवेल धाडले होते, चाळीस डझन, निळे.
महिन्याभरात परत आले, राखेच्या रंगाचे.
पोरगा म्हणतो, रंग पक्का.
हॉटेलवाला म्हणतो, समुद्रात गेला.
"खरं कोण बोलायलंय?
मी तर समुद्र बघितला न्हाई. तुमी बघितलाव."

मी समुद्राच्या दारातच वाढले.
माझे सगळे कपडे फिकेच असायचे.
मला वाटायचं, जुने झाले.
"माहीत नाही," म्हणाले,
आणि हे म्हणताना जी लाज वाटली
ती कुठल्याच चढावर उतरून चालताना वाटली नव्हती.

ती आत गेली. नव्या टॉवेलचा तुकडा आणला,
विडीच्या कात्रीनं मधोमध कापला.
एक तिच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली.
एक माझ्या हातात.
"तिकडं बुडवा. एक रात्र राहू द्या.
मग टपालानं धाडा. हँडलला बांधू नका ओ,
ऊन पण रंग खातंय. त्याचा दोष समुद्राला नको."

तेवढ्यात वीज आली.
ती आणखी काहीतरी म्हणाली,
नुसते ओठ दिसले.
पत्ता असावा. मी मान हलवली,
मग लाजून परत जवळ गेले,
वही पुढे केली. घर नंबर तिनंच लिहिला,
आकडे मोठे, तेलुगू वळणाचे.

संध्याकाळी खाजाभाईनं चाक फिरवून दाखवलं.
"आता डुलत नाही," म्हणाला. डुलत नव्हतं.

तुकडा पिशवीच्या तळाशी, अंधारात ठेवला.
वर सदरा ठेवायला गेले आणि थांबले.
मग गच्चीवरच्या नळाखाली
सगळ्या रेघा धुऊन टाकल्या,
लांबोटीची आधी.