हातचा

पाठाच्या वहीत रकाने चार:
उद्दिष्ट, साहित्य, कृती, चिंतन.
पहिले तीन ऐसपैस.
चौथा दोन ओळींचा,
त्यात आजचा दिवस कोंबायचा म्हणजे
पाय बाहेरच राहतात.

झोम्बा डोंगराच्या पायथ्याशी तिसरीचा वर्ग, पट चौऱ्याण्णव.
बाकं सव्वीस, बाकीचे जमिनीवर.
दाराशी गोंडवे सर, मांडीवर तपासणीचा तक्ता.
फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस.
दोनातून सात जात नाहीत, मी म्हटलं,
मग शेजारच्या पाचाकडून दहा उसने घ्यायचे.
आवाज माझा होता,
शब्द माझ्या तिसरीतल्या बाईंचे,
घडीही न मोडलेले.

एलुबेनं हात वर केला,
पाठीला चितेंजेत बांधलेल्या भावाला सावरत.
"परत कधी द्यायचे?"
काय?
"ते दहा. पाचाला परत कधी द्यायचे?"

चौऱ्याण्णव जण माझ्याकडे बघत होते.
भाऊ धरून पंच्याण्णव.
मी म्हटलं, आधी गणित पूर्ण करा.
गोंडवे सरांनी लिहिलं: वर्गावर पकड उत्तम.

संध्याकाळी वीज गेली. व्हरांड्यात
एका फोनच्या उजेडात आम्ही तिघं, वह्या उघड्या.
लिम्बानीनं घेवड्याचे बारा दाणे ओल्या कापडात ठेवले होते,
अंकुर दाखवायला.
मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांची कोंबडी आत शिरली.
त्यानं पाठाचं नाव खोडलं, वर लिहिलं
'अन्नसाखळी',
आणि तासभर मुलं विज्ञान शिकली,
कोंबडीसकट.

आम्ही हसलो. झिओने हसली नाही.
तिनं फळ्यावर नकाशा काढला होता,
चिल्वा तळं निळ्या खडूनं भरलेलं, शेवटचा निळा तुकडा संपवून.
मागचा एक मुलगा उठला,
बाहीनं अर्धं तळं पुसलं,
तिथून एक रेघ ओढली.
म्हणाला, इथून बाबा सायकलनं जातात.
आधी होडीनं जायचे.
"पुस्तकात तर निळंच आहे,"
झिओने आम्हाला सांगत होती, की विचारत होती,
"आणि परीक्षेतही निळंच लागेल."
फोनचा उजेड आपोआप विझला. कुणी बोट लावलं नाही.

उशिरा मी झाडूच्या काड्या मोडत बसले.
दहा दहाच्या पाच जुड्या, वर दोन सुट्या,
बांधायला घायपाताचा दोर.
सात काढायला सुट्या पुरेनात,
तेव्हा एका जुडीची गाठ सोडली
आणि तशीच थांबले.
कुणाकडे मागितलं मी?
पन्नासही बावन्नातलेच, दोनही त्यातलेच.
घरातलीच जुडी, घरातच सुटलेली.
उसनं काहीच नव्हतं.
इतकी वर्षं वजाबाकी येत होती मला,
उत्तरं बरोबर यायची,
म्हणून कुणी तपासलंच नाही काय येतं ते.

सकाळी वर्गाला सांगितलं:
काल मी चुकीचा शब्द वापरला.
चौऱ्याण्णव तोंडं एकदम गप्प,
पाऊस थांबल्यावर पत्रा होतो तशी.
काड्या काढल्या. एलुबेला पुढे बोलावलं.
तिनं दातानं गाठ सोडली,
बारा मोजल्या, सात बाजूला ठेवल्या,
दोन जुड्या दूर सरकवल्या.
पंचवीस, म्हणाली. परत द्यायचं काही नाही.
नाही, मी म्हटलं.

ती जागेवर जाईना.
मोकळा दोर बोटाला गुंडाळत
सुट्या काड्यांकडे बघत राहिली.
"मग ही जुडी पुन्हा कोण बांधणार?"

चौथ्या रकान्यात मी फक्त हा प्रश्न लिहिलाय.
गोंडवे सर म्हणतील, हे चिंतन नाही.
दोर माझ्या खिशात आहे.
उद्या बेरीज.